तणनाशके आणि उथळ पाण्याचा न मांडलेला हिशेब

तणनाशक वनस्पतींना मारण्यासाठी बनवलेले असते, म्हणून प्राण्यांना त्यापासून फारसे भय नाही, ही समजूत शेतीत, बागकामात आणि जलव्यवस्थापनात खोलवर रुजलेली आहे. ती निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. १९७४ मध्ये बाजारात आलेले ग्लायफोसेट वनस्पतींमधील जे विकर (एन्झाइम) बंद पाडते, ते मासे, बेडूक किंवा शिंपले यांच्या पेशींत नसतेच. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात असलेले ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडते, आणि कोणताही मासा प्रकाशसंश्लेषण करत नाही. साहजिकच कीटकनाशकाबद्दल जी धास्ती वाटते ती तणनाशकाबद्दल वाटत नाही, आणि ओढ्याच्या काठावर कीटकनाशक मारताना हात आखडता घेणारा माणूस त्याच काठावर तणनाशक मात्र निर्धास्तपणे मारतो.

या समजुतीतला रासायनिक भाग खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तणनाशकांना परवानगी देणारी व्यवस्थाही बऱ्याच अंशी त्याच निष्कर्षावर उभी आहे. परवानगीपूर्वीच्या मूलभूत चाचण्या एक नेमका प्रश्न विचारतात: स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या प्राण्याला काही तासांत मारायला किती रसायन लागते? माशांसाठी ही मुदत ९६ तासांची आहे, तर पाण्यातील सूक्ष्म कवचधारी डाफ्नियासाठी ४८ तासांची. प्रत्यक्षातील हानी मात्र टाकीत होत नाही. ती उथळ आणि अल्पायुषी पाण्यात होते, शुद्ध रसायनाऐवजी बाटलीतल्या संपूर्ण मिश्रणाने होते, आणि बहुतेक वेळा ती प्राण्याच्या अन्नातून, त्याच्या परजीवींमधून किंवा पाण्यातील प्राणवायूमधून फिरून येते. म्हणून तणनाशकाची परवानगी एकट्या प्राण्याच्या मरणावर न ठरवता जिवंत पाणवठ्यात काय घडते यावर ठरवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम पाण्याच्या खोलीचा विचार करू, कारण सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेली गोष्ट तीच आहे. हेक्टरी दोन किलो सक्रिय घटक (तण मारणारे मूळ रसायन) ही ग्लायफोसेटची काही अवाजवी मात्रा नव्हे. हिशेब केला तर ती प्रत्येक चौरस मीटरवर २०० मिलिग्रॅम पडते. ही फवारणी दोन मीटर खोल तळ्यावर झाली, तर एका चौरस मीटरखाली २,००० लिटर पाणी असते आणि पूर्ण मिसळल्यावर तीव्रता लिटरला ०.१ मिलिग्रॅम होते. तीच फवारणी पाच सेंटिमीटर खोल डबक्यावर झाली, तर खाली फक्त ५० लिटर पाणी असते आणि तीव्रता लिटरला ४ मिलिग्रॅमवर जाते, म्हणजे चाळीस पट. शेतात मारलेली मात्रा दोन्ही वेळा एकच आहे, फवारणाऱ्याची चूकही दोन्ही वेळा सारखीच आहे, तरी एका पाण्यातल्या जिवाला जे सोसते ते दुसऱ्या पाण्यातल्या जिवाला सोसत नाही.

या उथळ पाण्यात राहते कोण, हेही पाहिले पाहिजे. बेडकांच्या अनेक जाती अंडी घालण्यासाठी मुद्दाम अशीच पाणथळे निवडतात जी काही आठवड्यांनी आटतात, कारण आटणाऱ्या पाण्यात अंडी आणि पिल्ले खाणारे मासे टिकत नाहीत, आणि उथळ पाणी लवकर तापत असल्याने बेडूकमासे झपाट्याने वाढतात. चतुरांच्या अळ्या, पाणकिडे, गोगलगायी आणि असंख्य सूक्ष्म कवचधारी यांचीही हीच वस्ती असते. नकाशावर या पाण्याला नाव नसते, कायद्याच्या व्याख्येत ते पुष्कळदा पाणवठा म्हणून बसतही नाही, आणि वर्षातून बराच काळ कोरडे असल्याने फवारणारा त्याला जमिनीचाच भाग समजतो. नद्यांचे आणि मोठ्या जलाशयांचे रक्षण करण्यासाठी आखलेले नियम सर्वाधिक तीव्रता जिथे तयार होते ती जागाच वगळतात, आणि ती जागा नेमकी उभयचरांची प्रसूतिगृहे असते. बेडूकमाशाला कल्ले असतात, त्याची त्वचा पातळ आणि झिरपणारी असते, आणि पाय फुटेपर्यंत त्याला त्या पाण्याबाहेर पडता येत नाही. मासा निदान प्रवाहाबरोबर पुढे सरकू शकतो.

येथे एक फरक नोंदवणे आवश्यक आहे. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते, त्यामुळे कोरड्या जमिनीवर पडलेले ग्लायफोसेट पुढच्या पावसात विरघळून वाहण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते. जे जाते ते बरेचसे वाहून गेलेल्या मातीसोबत जाते. ॲट्राझिन मातीत फारसे अडकत नाही, म्हणून फवारणीनंतरच्या पहिल्या जोरदार पावसात ते चरांमधून, ओहोळांमधून आणि जमिनीखालील निचरा नळ्यांमधून पाण्यात येते. दोन्ही रसायनांना एकच नियम लावणे म्हणजे दोन्हींविषयी काहीच न समजणे होय.

आता बाटलीतल्या मिश्रणाकडे वळू. तणनाशकाच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत सक्रिय घटकाचे नाव असते, पण पानावरच्या मेणचट थरावर थेंब पसरावा आणि आत शिरावा यासाठी त्यात पृष्ठसक्रिय द्रव्ये मिसळलेली असतात. ग्लायफोसेटच्या सर्वाधिक खपाच्या मिश्रणांत दीर्घकाळ पॉलिइथॉक्सिलेटेड टॅलोअमाइन नावाचे द्रव्य वापरले गेले. मेणाचा थर भेदणारे हे द्रव्य कल्ल्यांच्या नाजूक पडद्यालाही भेदते, आणि कल्ला हाच माशाचा, बेडूकमाशाचा व शिंपल्याचा श्वास असतो. १९७९ मध्ये अमेरिकेतील सरकारी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांमध्ये शुद्ध ग्लायफोसेटने निम्मे रेनबो ट्राउट मासे मारायला लिटरला सुमारे १४० मिलिग्रॅम लागले, बाजारातल्या मिश्रणाने ते काम आठ मिलिग्रॅमच्या आसपास झाले, आणि एकट्या पृष्ठसक्रिय द्रव्याने दोन मिलिग्रॅममध्ये. ज्याला निष्क्रिय घटक म्हटले जात होते तोच माशांच्या दृष्टीने विष होता, हे तेव्हाच कागदावर आले होते. पाणी जितके अल्कधर्मी आणि उबदार, तितके हे मिश्रण अधिक घातक ठरते, हेही त्याच अभ्यासात दिसले होते. उथळ पाणी उन्हात लवकर तापते, आणि त्यात शेवाळ भरपूर असेल तर दुपारी ते अल्कधर्मीही होते, ही गोष्ट त्याला जोडून वाचावी.

यानंतर काय झाले, तर फार थोडे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात स्थानिक बेडकांवरील प्रयोगांनंतर पाण्याजवळ वापरल्या जाणाऱ्या ग्लायफोसेट मिश्रणांवर निर्बंध आले. २००५ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातील रिक रेलिया यांनी उघड्यावर ठेवलेल्या मोठ्या टाक्यांत शेवाळ, सूक्ष्मजीव आणि बेडूकमासे यांची छोटी परिसंस्था उभी केली, तीत लिटरला ३.८ मिलिग्रॅम या तीव्रतेने बाजारातले मिश्रण सोडले, आणि तीन आठवड्यांत जवळजवळ सर्व बेडूकमासे मेले. तळाला वाळू किंवा माती घातली तरी ते वाचले नाहीत. युरोपीय संघाने ग्लायफोसेटच्या मिश्रणांतून हे द्रव्य हद्दपार केले ते २०१६ मध्ये. पहिल्या स्पष्ट आकड्यांपासून या निर्णयापर्यंत ३७ वर्षे गेली, आणि इतर अनेक देशांत असा निर्णय अजूनही नाही.

रेलिया यांच्या प्रयोगावर घेतलेला मुख्य आक्षेप असा की ही तीव्रता निसर्गात क्वचितच आढळते, आणि हे मिश्रण पाण्यावर फवारू नये असे वेष्टनावर लिहिलेलेच असते. पहिल्या भागाचे उत्तर वर केलेल्या हिशेबात आहे: पाच सेंटिमीटर खोल पाण्यावर साधी मात्रा पडली तरी चार मिलिग्रॅमची तीव्रता तयार होते. वाऱ्याने उडून आलेले थेंब याच्या कितीतरी कमी भरतात, हे मी मान्य करतो. परंतु शेताच्या मधोमध असलेल्या डबक्यावर थेंब उडून येत नाहीत, फवाऱ्याची कांडी थेट त्यावरून जाते. दुसऱ्या भागाचे उत्तर असे की पाण्यासाठी स्वतंत्र, हे द्रव्य नसलेली मिश्रणे उत्पादकांनी १९८० च्या दशकापासून विकायला आणली होती. म्हणजे फरक ठाऊक होता आणि पर्यायही तयार होता. तरीही जमिनीसाठीचे मिश्रण तसेच राहिले, आणि उथळ पाणी जमिनीत मोजले गेले.

शिंपल्यांचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण त्यांची बाजू मांडणारे फार कमी आहेत. गोड्या पाण्यातील शिंपले हा जगातील सर्वाधिक संकटग्रस्त प्राणिगटांपैकी एक आहे. त्यांची अळी काही काळ माशाच्या कल्ल्याला चिकटून राहते आणि मग तळाच्या गाळात उतरते. या अळ्या आणि कोवळे शिंपले वरील पृष्ठसक्रिय द्रव्याला विलक्षण संवेदनशील असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. तरीही परवानगीच्या नेहमीच्या चाचण्यांत शिंपले नसतात. अमेरिकेच्या पद्धतीत तर पाण्यातील उभयचरांसाठीही वेगळी चाचणी सक्तीची नसते आणि माशाचे आकडेच बेडूकमाशाला लागू धरले जातात.

विषाने थेट मरण्यापेक्षाही मला अधिक चिंता वाटते ती पाणीच बदलून जाण्याची, कारण तिथे गुन्हेगार सापडत नाही. जलपर्णी किंवा पाण्याखालचे दाट गवत मारण्यासाठी तणनाशक थेट तळ्यात सोडले जाते, तेव्हा रसायन माशांना निरुपद्रवी असले तरी काही दिवसांत मेलेल्या वनस्पतींचा ढीग कुजू लागतो आणि कुजवणारे जीवाणू पाण्यातील प्राणवायू ओढून घेतात. दहा अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांना जेमतेम साडेसात. त्यातून प्रकाशसंश्लेषण करून दिवसा प्राणवायू परत देणाऱ्या वनस्पतीच मेलेल्या असतात. मासे मग पहाटेच्या सुमारास, प्राणवायू सर्वांत खाली गेला असताना, पृष्ठभागावर येऊन गुदमरतात. म्हणूनच डायक्वाटसारख्या तणनाशकाच्या सूचनांमध्ये एका वेळी तळ्याचा तिसरा ते निम्मा हिस्साच हाताळावा आणि मध्ये सुमारे दोन आठवडे जाऊ द्यावेत असे सांगितलेले असते. ही सूचना पाळली गेली का, हे तपासणारे सहसा कोणी नसते, आणि मेलेल्या माशांच्या शरीरात रसायन शोधले तर मरणाचे कारण त्यात सापडत नाही.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण ॲट्राझिनचे आहे. २००८ मध्ये जेसन रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाणथळ जागांमधील बिबट्या बेडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेडकांच्या शरीरात परजीवी चपटकृमींच्या अळ्या कुठे अधिक आहेत याचा शोध घेताना त्यांनी दोनशेहून अधिक संभाव्य कारणे तपासली, आणि ॲट्राझिन व फॉस्फेट ही जोडी सर्वांत वर आली. प्रयोगांतून उलगडलेली साखळी अशी होती: ॲट्राझिन पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ मारते, पाणी नितळ होते, तळापर्यंत ऊन पोहोचते, दगडांवर आणि काड्यांवर चिकटून वाढणारे शेवाळ फोफावते, ते खाणाऱ्या गोगलगायी वाढतात, आणि या गोगलगायीच चपटकृमींच्या वाढीचे घर असतात. त्याच वेळी ॲट्राझिन बेडकाची रोगप्रतिकारशक्तीही दुबळी करते. इथे रसायनाने बेडकाला मारलेले नसते. उलट पाहणाऱ्याला तळे पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते. ९६ तासांची कोणतीही चाचणी ही साखळी पकडू शकत नाही, कारण त्या टाकीत शेवाळ नसते, गोगलगाय नसते आणि कृमीही नसतो.

संप्रेरकांवरील परिणामांचा विषय वाचकांच्या कानावर आलेला असतो, आणि त्यावर मी थोडक्यातच लिहितो. जीवशास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी २००२ मध्ये, लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प ॲट्राझिनमुळे आफ्रिकी नखवाल्या बेडकांच्या जननग्रंथी बिघडल्याचे मांडले, आणि २०१० मध्ये २.५ मायक्रोग्रॅमला काही नर बेडकांचे पूर्णपणे माद्यांत रूपांतर झाल्याचे दाखवले. उत्पादक कंपनीच्या निधीतून झालेल्या मोठ्या अभ्यासांत असा परिणाम आढळला नाही, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये उत्पादकाच्या बाजूला झुकणारा निष्कर्ष काढला. या वादात मला हेज यांची निरीक्षणे गंभीर वाटतात, पण तणनाशकांविरुद्धचा युक्तिवाद केवळ त्यांवर उभा करणे अनावश्यक आहे आणि अहितकारकही, कारण मग सगळी चर्चा एका प्रयोगाच्या पुनरावृत्तीवर अडकते आणि गोगलगाय, कल्ले, प्राणवायू हे निर्विवाद मुद्दे बाजूला पडतात. माशांच्या घ्राणेंद्रियावरील परिणामांकडेही असेच दुर्लक्ष झाले आहे. १९९८ मध्ये अटलांटिक सामन माशांवर झालेल्या प्रयोगांत ॲट्राझिनच्या अल्प तीव्रतेनेच नरांची मादीच्या गंधखुणांना मिळणारी प्रतिक्रिया मंदावली. असा मासा जिवंत असतो, चाचणीत उत्तीर्ण होतो आणि प्रजननात कमी पडतो.

सुरक्षित पातळी ठरवणारा आकडा किती हेलकावे खातो, हे पाहिले तर चाचण्यांवरचा विश्वास आणखी डळमळतो. पाण्यातील वनस्पतींच्या समुदायाला धोका सुरू होण्याची ॲट्राझिनची पातळी अमेरिकेच्या त्याच संस्थेने २०१६ च्या मसुद्यात लिटरला ३.४ मायक्रोग्रॅम धरली, २०२० मध्ये ती १५ वर नेली, २०२२ मध्ये पुन्हा ३.४ चा प्रस्ताव आणला, आणि २०२४ मध्ये ९.७ वर थांबली. आठ वर्षांत ओढे बदलले नाहीत; कोणते अभ्यास धरायचे आणि कोणते सोडायचे याचा निर्णय बदलला. युरोपीय संघाने मात्र वेगळी वाट धरली. भूजलात आणि पिण्याच्या पाण्यात कोणतेही एक पीकरक्षक रसायन लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमहून अधिक नको, असा सरसकट नियम तिथे आहे, आणि भूजल या मर्यादेत राहील याची खात्री देता येत नाही म्हणून २००४ मध्ये ॲट्राझिनची परवानगी संपवली गेली. हानी सिद्ध होईपर्यंत थांबायचे नाही, रसायन पाण्यात पोहोचते एवढेच पुरे, ही भूमिका मला अधिक प्रामाणिक वाटते.

या सगळ्याला शेतकऱ्याची बाजू आहे आणि ती हलकी नाही. तण पिकाचे अन्न, पाणी आणि ऊन खाते, आणि हाताने खुरपणी करणे हे वाकून, उन्हात, अल्प मोबदल्यात करायचे काम जगभर बहुधा स्त्रियांच्या वाट्याला आलेले आहे. तणनाशकामुळे नांगरणी कमी करता आली, आणि नांगरणी कमी झाली की ओढ्यात वाहून जाणारी मातीही कमी होते. हा गाळ माशांची अंडी झाकून टाकतो आणि शिंपल्यांना गुदमरवतो, म्हणून गोड्या पाण्यातील प्राण्यांच्या कैवाऱ्याने हा लाभ नाकारू नये. शिवाय एका रसायनावर बंदी आली की शेतकरी दुसऱ्याकडे वळतो, आणि ते अधिक वाईट असू शकते. म्हणून सर्व तणनाशके बंद करा अशी मागणी मी करत नाही. मागणी अशी आहे की परवानगी देणाऱ्याने जे तपासायला हवे होते ते न तपासता त्याचे ओझे वेष्टनावरच्या बारीक अक्षरांतून शेतकऱ्यावर ढकलू नये.

त्यासाठी बाटलीत जे विकले जाते तेच, सर्व सहघटकांसह, तपासले गेले पाहिजे, आणि त्या घटकांची नावे व्यापारी गुपित म्हणून झाकता येऊ नयेत. तपासणी उघड्यावरच्या छोट्या तळ्यांत, शेवाळ, गोगलगायी, बेडूकमासे आणि कोवळे शिंपले एकत्र ठेवून, किमान बेडूकमाशाला पाय फुटून तो पाण्याबाहेर पडेपर्यंत चालली पाहिजे. अशा तळ्यांतल्या चाचण्या आजही काही रसायनांसाठी केल्या जातात, पण पहिल्या पायरीवरील टाकीच्या चाचणीत धोका दिसला तरच पुढच्या पायरीला जायचे असा क्रम असल्याने, टाकीत जे दिसूच शकत नाही ते तळ्यापर्यंत पोहोचत नाही. हा क्रमच बदलायला हवा. अभ्यासाचा खर्च उत्पादकाने द्यावा हे योग्य आहे, परंतु प्रयोगशाळा कोणती आणि आराखडा कोणता हे त्याने ठरवू नये; पैसे एका सार्वजनिक निधीत जावेत आणि काम त्या निधीने वाटून द्यावे.

पाण्याची व्याख्या बदलणे हे याहून स्वस्त काम आहे. वर्षातून काही आठवडे पाणी साचणारी जागा ही कायद्याने पाणवठा मानावी, तिच्याभोवती न फवारलेली गवताची पट्टी ठेवावी, आणि बेडकांच्या प्रजननाच्या काळात तिथे पृष्ठसक्रिय द्रव्य असलेले मिश्रण वापरू नये. पाण्याचे नमुने महिन्याच्या ठरलेल्या तारखेला न घेता फवारणीनंतरच्या पहिल्या पावसात घ्यावेत, कारण तीव्रतेचे शिखर काही तासांचे असते आणि मासिक सरासरीत ते दिसेनासे होते. फवारणी यंत्र भरण्याची आणि धुण्याची जागा ओढ्यापासून दूर, मातीच्या किंवा गवताच्या थरावर असावी, एवढ्या एका सवयीने छोट्या प्रवाहांतील भार बराच उतरू शकतो, आणि तिला शेतकऱ्याच्या उत्पन्नातून काही द्यावे लागत नाही.

या सुधारणांनी नवी तणनाशके बाजारात येण्यास विलंब होईल आणि ती महाग होतील, असा आक्षेप येईल. विलंब होईल हे खरे आहे. पण तळ्यातली एक चाचणी काही महिन्यांत पुरी होते, आणि १९७९ मधील माशांचे आकडे गांभीर्याने घेऊन अशी चाचणी तेव्हाच सक्तीची झाली असती, तर सदतीस वर्षे उथळ पाण्यात पडत राहिलेले मिश्रण पर्यायी रूपात, तेवढ्याच परिणामकारकतेने, फार आधी वापरता आले असते. किमतीचा प्रश्न उरतो तो असा की तपासणीचा खर्च एकदाच उत्पादकाने भरायचा, की दर हंगामात बेडूकमाशांनी आणि शिंपल्यांनी.